कवेलू, टीन आणि स्लॅब : आपल्या डोक्यावरच्या छपराचा इतिहास

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ असा विषय दिला होता. पण नोंदणी कधी झाली, पहिली कार्यकारिणी कोणती, ले-आऊट मंजूर व्हायला किती खेटे घातले, हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात आणि सचिवांच्या अहवालात आलेलंच आहे. तेच पुन्हा उगाळण्यात काय अर्थ? म्हणून समितीच्या परवानगीने मी विषय जरा वर सरकवला आहे. अगदी वर, म्हणजे छपरापर्यंत.

कारणही तसंच आहे. गेल्या तीन वार्षिक सभांत आपण दुसऱ्या कशावर इतकं भांडलो नसू जितकं गच्चीवर भांडलो. गच्ची गळते, यावर एकमत आहे. पुढचं सगळं वादाचं. कोणी म्हणतो वरून टीनाचं शेड टाकून मोकळे व्हा. कोणी म्हणतो कोबा उखडून नवा करा. एका ताईंनी तर सरळ सांगितलं, “लाल कवेलू टाका ना, दिसायला तरी बरं दिसेल.” सगळे हसले. मला काही ती गोष्ट हसण्यासारखी वाटली नाही. आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरं मूळची गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातली. आपले आजोबा-पणजोबा कवेलूखालीच जन्मले आणि तिथूनच गेले. ते कवेलू गेलं कसं, त्याच्या जागी काय काय आलं आणि का आलं, हे एकदा नीट पाहिलं तर सभेत बोलायला सोपं जाईल.

गिरड म्हटलं की बाहेरच्यांना टेकडी आणि ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आठवतो. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात, नवस बोलतात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या मालाचे दगड झाले. पुढे ते शरण आले तेव्हा वाळक्या पानांचा पुन्हा माल करून दिला, अशी कथा. इंग्रज सरकारने १८७० साली छापलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. भूशास्त्रवाले सांगतात, काळ्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज साचून ते गोळे झाले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी असू द्या. आपल्याला कामाची गोष्ट एवढीच, की त्या भागात काळा दगड आहे, मुरूम आहे, आणि खाली उतरलं की काळी कपाशीची माती आहे. जवळच्या जंगलात साग आणि बांबू आहे. घर बांधायला निघालेल्या माणसासमोर हेच दुकान मांडलेलं होतं.

त्यातली काळी माती महत्त्वाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावरचं घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. मातीच्या भिंतीला तडा जातो, लिंपलं की संपलं. वरचं छप्पर सुट्या तुकड्यांचं असेल तर तेही भिंतीबरोबर हलतं, दोन कवेलू सरकतात, पुन्हा बसवता येतात. एकसंध, कडक छप्पर असेल तर त्याला हलता येत नाही, ते तडकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे स्लॅबपाशी पुन्हा लागेल.

दुसरी गोष्ट पावसाची. पश्चिमेला बुलढाणा-अकोल्याकडे आणि खानदेशात मातीची सपाट धाबी चालत, कारण तिकडे पाऊस बेताचा. वर्ध्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, भंडारा-गोंदियाकडे त्याहून जास्त. इतक्या पावसात, त्यातही आठ-आठ दिवसांची झड लागली की सपाट मातीचं धाबं टिकणं कठीण. म्हणून आपल्याकडे उतरतं छप्पर. ज्याची ऐपत नव्हती त्याचं गवताचं, ज्याची होती त्याचं कवेलूचं.

गावठी कवेलू कसं व्हायचं, हे आता सांगावंच लागतं, कारण सोसायटीतल्या तिशीच्या आतल्या मुलांनी ते बहुधा रिसॉर्टमध्येच पाहिलेलं असेल. कुंभार चाकावर मातीचं नळकांडं ओढायचा, एका तोंडाला किंचित निमुळतं. ओलं असतानाच त्याला दोन बाजूंनी उभी चीर द्यायची. सुकलं, आव्यात भाजलं, हलका ठोका दिला की दोन अर्धगोल कवेलू तयार. छपरावर ती बसवताना एक ओळ उताणी, म्हणजे पन्हळीसारखी, आणि दोन ओळींच्या सांध्यावर दुसरी पालथी. पालथीवर पडलेलं पाणी उताणीत येतं आणि उताणीतून वळचणीकडे पळतं. खिळा नाही, चुना नाही, काही नाही. नुसत्या वजनाने आणि उताराने ती बसलेली असतात. खाली मधल्या आढ्यापासून भिंतीपर्यंत सागाचे किंवा बांबूचे फाटे, त्यावर बांबूच्या कमच्या, बांधायला पळसाच्या मुळीचा वाक. काही घरांत कमच्यांवर पऱ्हाटीचा थर आणि वरून माती. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं झाड, दुसऱ्या कशाच्या कामाचं नाही, चुलीच्या नाहीतर छपराच्या.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा या छपराखाली माणूस दुपारी झोपू शकत असे. त्याचं कारण साधं. कवेलूंच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते, आणि भाजलेल्या मातीतून ऊन आत यायला वेळ लागतो. हिवाळ्यात चुलीचा धूरही त्याच फटींतून बाहेर जायचा आणि जाता जाता बांबूला धुरी देऊन कीड दूर ठेवायचा. गॅस आल्यावर चूल गेली आणि बांबूला भुंगा जास्त लागायला लागला, असं जुनी माणसं सांगत. मला ते पटतं.

आता फेरणी. मृग लागायच्या आत, म्हणजे मेच्या अखेरीस नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात, घरोघरी कवेलू फेरायचं काम निघायचं. एक माणूस वर, दोन खाली. वरचा एकेक ओळ उचलणार, फुटकी खाली देणार, मांजरांनी-वांदरांनी सरकवलेली जागेवर आणणार, उताणीत साचलेला पालापाचोळा काढणार, वाक कुजला असेल तर नवा बांधणार. दोन दिवसांत घर झालं. माझी आजी म्हणायची, “यंदा फेरणी नाही केली तं घरात तळं होते बाप्पा.” फेरणारा माणूस गावातलाच, कोणत्या घराचा कोणता कोपरा गळतो हे त्याला तोंडपाठ. कुंभाराकडे चार टोपल्या जास्तीची कवेलू मागच्या अंगणात रचून ठेवलेली. मजुरी ज्वारीत नाहीतर रोख.

कवेलूचं छप्पर स्वस्त होतं असं आपण सरसकट म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. ते घालायला स्वस्त होतं, पण राखायला दरवर्षी माणूस लागत होता. आपल्या आजोबांनी छप्पर निवडलं तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर कुंभार, फेरणारा आणि बांबू देणारं जंगल असे तिघे निवडले होते. हे तिघे जोवर जागेवर होते तोवर छप्पर उत्तम.

जंगलाचंही सांगतो. मध्य प्रांतात, म्हणजे १९५६ पर्यंत आपला भाग ज्यात होता त्या राज्यात, निस्तार नावाची पद्धत होती. गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी लाकूड, बांबू, गवत जंगलातून सवलतीने मिळायचं. पुढे जंगल आटलं, नियम कडक झाले. बांबू हे शास्त्राप्रमाणे गवत, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना झाडात. स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही परवान्याच्या भानगडी होत. जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ही व्याख्या बदलली २०१७ साली. तोपर्यंत गावातली बहुतेक छपरं बांबू सोडून लोखंडी पाइपावर गेलेली होती.

या सगळ्या गोष्टीचा एक नमुना अजून जागेवर उभा आहे, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. गिरडपासून साठेक किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तिथली आदी निवास आणि बापू कुटी या घरांसाठी त्यांचा आग्रह होता की साहित्य जवळपासचंच असावं, कारागीर गावचेच असावेत आणि खर्च गरिबाला परवडेल असा. बापू कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभी केली होती, मातीच्या भिंतींवरची ताडाची झाडं त्यांनीच उठावात काढलेली. वर छप्पर कवेलूचं. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे युरोपातले विचारवंत तिथे आले, त्या झोपडीत बसून राहिले आणि नंतर तिच्यावरच भाषण केलं. ते भाषण जगभर वाचलं गेलं. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाची तरुणपणी मुंबईत गांधीजींशी भेट झाली होती. घराचं साहित्य पाच मैलांच्या परिघातलं असावं ही त्यांची कल्पना बेकरनी पुढे केरळमध्ये आयुष्यभर वापरली.

सहलीला सेवाग्रामला गेलेले आपले सभासद कुटीसमोर फोटो काढतात आणि “किती साधं!” म्हणतात. साधं आहे, पण आपोआप टिकलेलं नाही. आश्रमात छपराची डागडुजी चालूच असते. पावसाळ्यात मातीच्या भिंतींना बाहेरून आडोसा बांधतात. नव्वद वर्षांच्या जवळ आलेलं ते कवेलूचं छप्पर आज कोरडं आहे, कारण तिथे फेरणारा माणूस अजून आहे.

वर्ध्याचा संबंध इतकाच नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवलं. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यालाच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. त्या केंद्राने कुंभारासाठी एक नवी युक्ती पुढे आणली: चाकावर केलेले निमुळत्या पेल्यासारखे मातीचे नग एकात एक अडकवत कमान करायची आणि कमानींना कमानी जोडून घुमटीसारखं छप्पर करायचं. लाकूड नाही, लोखंड नाही. छप्पर भक्कम होतं, कुंभाराला धंदाही मिळतो. पण ते काम शिकलेला मिस्त्री लागतो, आणि गावात स्लॅबचा मिस्त्री जितका सहज मिळतो तितका हा मिळत नाही. चांगली वस्तू मागे पडायला एवढंही पुरतं.

आता बाहेरून काय काय आलं ते पाहू. आधी इंग्रजी कवेलू. नाव इंग्रजी, पण मूळ फ्रान्सचं. आल्झासमधल्या जिलार्डोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास एकमेकांत खाचेने अडकणारं सपाट कवेलू काढलं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना घातला, म्हणून कोकणात ते ‘मंगलोरी कौल’. आपल्याकडे ते ‘इंग्रजी कवेलू’ झालं, कारण जे जे यंत्रावर होतं ते इंग्रजी! जबलपूरला बर्न कंपनीने असा माल काढला, पुढे बालाघाटकडेही कारखाने झाले. खाचेत बसत असल्याने ते गावठीसारखं सरकत नाही, फेरणी कमी लागते. मात्र त्याला चौकोनी, सरळ चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या हव्यात. वाकड्या बांबूवर ते बसत नाही. म्हणून ते आलं पाटलाच्या वाड्यावर, शाळेवर, विश्रामगृहावर. गरिबाच्या घरावर क्वचितच.

मग टीन. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला नागमोडी घड्या घालण्याचं पेटंट घेतलं. पातळ पत्रा घडीमुळे ताठ होतो, एवढीच गंमत. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा द्यायची रीत आली आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला, आणि अशा वजनदार मालाची वाट मोकळी झाली. जिनिंगच्या शेडवर, गोदामावर टीन शोभतं. घरावर मात्र ते बऱ्याच उशिरा चढलं.

आणि ते चढवलं वांदरांनी! हे विनोदाने लिहीत नाही. जंगल कमी झालं तशी वांदरांची टोळी गावात राहायला आली. एक नर या घरावरून त्या घरावर उडी मारतो तेव्हा पाच-दहा कवेलू एका दमात जातात. सकाळी फेरलेलं घर संध्याकाळी गळायला तयार. वर्धा-चंद्रपूर-नागपूरकडच्या कुठल्याही गावात विचारा, “कवेलू काऊन काढले?” पहिलं उत्तर येईल, “वांदरांच्यानं.” दुसरं उत्तर, “फेराले माणूस भेटत नाही.” तिसरं, “कवेलूच भेटत नाही.” कुंभाराची पोरं शहरात कामाला लागली, आवा भाजायला सरपण महाग झालं. आपले तीन सोबती असे एकेक करून गेले आणि कवेलू एकटं पडलं.

मधल्या काळात सिमेंटचे पत्रे आले. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रा करायची युक्ती काढली. न गंजणारा, टीनापेक्षा कमी आवाजाचा, स्वस्त. पण अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगापर्यंत मजल जाते, हे आता निर्विवाद आहे, आणि साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्या देशात हे पत्रे विकायला अजून बंदी नाही. आपल्या स्कूटर स्टँडवर असेच जुने पत्रे आहेत. ते जागेवर अखंड असताना फारसा धोका नाही. कापताना, ड्रिल मारताना, फोडताना धूळ उडते. तेव्हा ते काढताना हातोडीने फोडून काढू नयेत, ओले करून, अखंड उतरवावेत आणि त्या दिवशी मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. एवढं या लेखातून वाचलं गेलं तरी माझं काम झालं.

सरकारनेही कवेलूला एक धक्का दिला, बहुधा नकळत. १९८५-८६ पासून इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना. आपण त्याला एकच शब्द वापरतो, घरकुल. घरकुल कोणाला, तर ज्याचं घर कच्चं त्याला. आणि कच्चं म्हणजे काय? २०११ च्या जनगणनेत छपराच्या रकान्यात ‘हाताने केलेली कौलं’ आणि ‘यंत्रावर केलेली कौलं’ असे दोन वेगळे पर्याय होते. त्याच वेळच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत हातची कौलं गेली कच्च्यात, यंत्राची पक्क्यात. म्हणजे मातीच तीच, आगही तीच, पण गिरडच्या कुंभाराचं कवेलू कच्चं आणि कारखान्याचं पक्कं! या वर्गवारीमुळे हजारो गरजू लोकांना घर मिळालं, हेही खरं. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्याने तत्त्वासाठी ते तसंच ठेवावं असं मी म्हणणार नाही. पण त्या एका शब्दाने ‘कवेलू म्हणजे गरिबी’ हे मनात पक्कं बसलं. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेली माणसं आधी वर पाहू लागली. स्लॅब आहे का?

तर आता स्लॅब. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक घरावर पाच इंची स्लॅब पडला. ज्या दिवशी पहिला स्लॅब पडला त्या दिवशी नारळ फुटले, पेढे वाटले, आणि सभासदांच्या बोलण्यात एकच सूर होता: आता फेरणीची कटकट गेली. मला वाटतं आपल्या गच्च्यांचं दुखणं तिथेच सुरू झालं. त्या समजुतीत.

थोडा हिशेब करू. शंभर चौरस फूट जागेवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ २९ क्विंटल वजन. तेवढ्याच जागेवर इंग्रजी कवेलू चार-साडेचार क्विंटल. टीन चाळीस-पंचेचाळीस किलो. स्लॅब सगळ्यांत भक्कम, यात शंका नाही. वादळात उडत नाही, वांदर काही करू शकत नाही, वर आणखी एक मजला चढवता येतो, उन्हाळ्यात वर झोपता येतं, वाळवण घालता येतं. पण तो सपाट असतो. शंभर फुटाला जेमतेम एक फूट उतार. कवेलूवरचं पाणी पळतं, गच्चीवरचं पाणी चालतं. आणि वाटेत कुंडी, जुना कूलर, विटांचा ढीग आला की बसून राहतं. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्याकडच्या पावसाळ्यात पन्नास हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. त्यातला अगदी थोडा वाटा केसाएवढ्या भेगेतून आत शिरला तरी सळईला गंज चढायला तेवढा पुरे. गंजलेली सळई फुगते आणि खालचं प्लास्टर ढकलून पाडते. त्यात खाली आपली ती फुगणारी-आकसणारी काळी माती. कवेलूचं छप्पर तिच्याबरोबर हललं असतं. स्लॅब हलू शकत नाही, म्हणून कोपऱ्यांत, पॅरापेटच्या बुडाशी भेगा.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात तो याच पाण्यासाठी, आणि नीट केलेला कोबाही साधारण दहा-पंधरा वर्षांनी तपासावा लागतो. आपला पंचवीस वर्षांचा आहे. मधल्या काळात त्याच्यावर चढलेली कामं आठवून पाहा: डिशच्या अँटेनाचे खिळे, टाकीचे खांब, सोलर हीटरचे पाय, केबलवाल्याने मारलेली भोकं. आणि प्रत्येक गळतीवर वेगळ्या माणसाने लावलेलं वेगळं केमिकल. सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी देऊन तीन घरांच्या गच्च्या केल्या, दुसऱ्याच पावसात त्या गळल्या आणि फोन बंद. त्यावर भांडून आता काही मिळणार नाही.

मंडळी, सहकार खात्याच्या आदर्श उपविधीत फेरणी लिहिलेली आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. इमारत पंधरा वर्षांची झाली की तिशीपर्यंत दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी, नंतर दर तीन वर्षांनी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी सिमेंटलाही जूनची फेरणी लावलेली आहे. आपण निधी जमा केला, आणि तो गेट, रंगरंगोटी आणि झेंडावंदनाच्या मंडपावर खर्च केला. हे टोमणे म्हणून लिहीत नाही, हिशेबाच्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

सभेपुढे असलेल्या पर्यायांबद्दल माझं मत सांगून थांबतो.

टीनाचं शेड लोकांना आवडतं, कारण ते दोन दिवसांत होतं आणि पाणी खरोखर थांबतं. पण त्याला नगर परिषदेची परवानगी लागते. शेडखाली गच्ची सावलीत जाते, हा फायदा. मात्र पत्रा वरून तापतो आणि चारी बाजूंनी हवा खेळती ठेवली नाही तर खाली भट्टी होते. पत्र्याचा स्क्रू घडीच्या माथ्यावर मारायचा, खोलगटात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. बाजूची चढण किमान दीड घडीची, टोकाची सहा इंचांची, आणि तोंड वाऱ्याच्या उलट्या दिशेला. स्क्रूखालचं रबरी वायसर उन्हाने काही वर्षांत कडक होऊन फुटतं. ते बदललं नाही तर टीनही गळतं. जूनचं पहिलं वावटळ सैल पत्रा शोधतंच. गावात टीनावर दगड आणि जुने टायर ठेवलेले दिसतात ते शोभेसाठी नसतात.

ताईंचं कवेलू? पूर्ण घरावर आता शक्य नाही. पण समाजमंदिराचं छप्पर तसंही बदलायचं आहे, तिथे लोखंडी सांगाड्यावर इंग्रजी कवेलू बसू शकतं. खर्च टीनाहून जास्त येईल, उन्हाळ्यात आत बसवेल. वांदरांसाठी जवळची झाडाची फांदी आधी छाटावी लागेल. आणि शे-दोनशे नग जास्तीचे घेऊन स्टँडमागे रचून ठेवावे लागतील, आपली आजी ठेवायची तसे.

राहिल्या गच्च्या. माझं मत कोब्याच्या बाजूने आहे: आधी तपासणी, जिथे सळई उघडी पडली तिथे आधी दुरुस्ती, मग जुना कोबा काढून उतार नीट देऊन नवा, आणि काम संपल्यावर तीन दिवस गच्चीत पाणी भरून ठेवून मगच शेवटचं बिल. ज्यांना त्यावर शेड हवं त्यांनी परवानगी घेऊन, सगळ्यांचं एका उंचीचं, एका रंगाचं करावं.

पण काहीही ठरो, एक माणूस नेमा. दरवर्षी पंधरा मे ते पाच जून या दरम्यान सगळ्या गच्च्यांवर चढून पाइपाच्या जाळ्या साफ करणारा, भेगांवर खुणा करणारा, पत्र्याचे स्क्रू तपासणारा आणि एका वहीत घर क्रमांकासह लिहून ठेवणारा. वही कार्यालयात राहील, म्हणजे माणूस बदलला तरी कोणाचा कोणता कोपरा गळतो ते राहील. वर्षाला फार तर चार दिवसांची मजुरी. यंदाच्या अंदाजपत्रकात मी ती मांडली आहे. सोबत सामाईक लोखंडी शिडीच्या दुरुस्तीचाही खर्च धरला आहे. तिच्या वरच्या दोन पायऱ्या दोन वर्षांपासून नाहीत.